अष्टमीचा तांडेल

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळात नवा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घडवणं हे ब्रह्मदेवाच्या खालोखालचं काम आहे आणि ते मला जमतं, असं माझं मत आहे. आमच्या टेबलावर या मताला दुजोरा देणारं कुणी नाही. पण गेम मास्टर मीच असल्यामुळे मतदानाचा प्रश्न येत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ बाजारात आणला तेव्हा क्लास तीनच होते: योद्धा, जादूगार आणि देवाचा माणूस. चोर पुढच्या वर्षी आला, म्हणजे जगरहाटीच्या मानानं उशिराच. १९७८च्या नियमपुस्तकात भाट व्हायचं तर आधी योद्धा म्हणून नाव काढायचं, मग चोर व्हायचं आणि त्यानंतरच गायनाला बसायचं. (आमच्याकडे सरपंचकीची वाटही साधारण अशीच जाते, फक्त शेवटी गाणं नसतं.) एवढी वर्षं झाली, या खेळात राक्षसांची सोय झाली, झाडांशी बोलणाऱ्यांची झाली, डोलीचं जाळं टाकणाऱ्या माणसाची मात्र कुणी केली नाही. ती दांडी गावच्या या सुपुत्रानं केली.

माझा क्लास म्हणजे तांडेल, मासेमारी बोटीचा म्होरक्या. त्याची ताकद भरतीवर चालते. हे कळायला गणित लागतं, आणि ते सांगायची संधी मी सहसा सोडत नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दिवसाही आणि रात्रीही. पंधरवडा पालटला की प्रतिपदेपासून पुन्हा सुरुवात. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, ती समुद्राची मर्जी. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. आता डोल. हे निमुळतं, पिशवीसारखं जाळं प्रवाहाकडे तोंड करून लावायचं. माशांच्या मागे धावायचं नाही; ओढ असेल तर पाणीच बोंबील आणून आत घालतं. उधाणाला ओढ जबर, भांगाला पाणी आळसावतं. मग जो माणूस पाण्याच्या ओढीवर जगतो त्याची शक्ती रोज सारखी कशी असेल? म्हणून नियम केला: पौर्णिमेला माझा तांडेल ड्रॅगनला जाळ्यात घेऊन किनाऱ्याला लावेल, अष्टमीला त्याला कोंबडीही आवरणार नाही. इतकी सुंदर कल्पना अमेरिकेत कुणाला सुचली नाही, कारण त्यांच्याकडे पंचांग नाही.

पहिला आक्षेप अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतल्या मित्राचा. तारापूरच्या भट्ट्यांनी १९६९मध्ये वीज द्यायला सुरुवात केली आणि याच्या वडिलांनीही तिथंच नोकरी केली, त्यामुळे नियंत्रण हा विषय त्याच्या घरातलाच.

"जादूगाराचे मंत्र आठ तास झोपला की परत येतात. तुझा तांडेल पंधरा दिवस वाट बघणार?"

"सरासरी काढ, बरोबर येते."

"अष्टमीला मेला तर सरासरी कुणाला दाखवायची?"

या प्रश्नाला मी तात्त्विक म्हणून बाजूला सारलं.

तांडेल खेळतो माझा भाचा. त्यानं कालनिर्णय समोर ठेवूनच खेळायला सुरुवात केली. भांगाचा रविवार आला की त्याला नेमकी आईची कामं आठवतात. त्याला आळा घालायला मी खेळात १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीही आणली.

"मामा, दोन महिने मी करू काय?"

"जाळी वीण."

"आणि ड्रॅगन?"

"तो अंडी घालतोय. बंदी त्याच्यासाठीच असते."

एका संध्याकाळी काका ओट्यावर येऊन टेकले. काका खरे तांडेल. त्यांनी सगळे क्लास समजून घेतले आणि विचारलं, "यात एलईडीवाला कुठं आहे?" मग त्यांनीच त्याचे गुण सांगितले. रात्री पाण्यावर दिवे पाजळायचे, लांबलांबचे मासे उजेडाखाली गोळा करायचे आणि पर्ससीन जाळ्याचा वेढा टाकून सगळे एकदम उचलायचे. तिथी बघायची नाही, ओढ बघायची नाही.

मी गायगॅक्सच्या थाटात म्हणालो, "काका, असला क्लास टेबलावर घेतला तर बाकीच्यांनी खेळायचं कशाला? मी येऊच देणार नाही."

"सरकारनंही येऊ दिलेला नाही," काका म्हणाले.

खरंच आहे. राज्यानं पर्ससीनवर फेब्रुवारी २०१६मध्ये निर्बंध आणले, केंद्रानं एलईडीवर नोव्हेंबर २०१७मध्ये बंदी घातली. तरी रात्री किनाऱ्यावरून दूरवर दिवे दिसतात. इकडे कारखान्यांच्या सांडपाण्याचं गाऱ्हाणं घेऊन मच्छीमारांच्या मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. आणि मी इथं तांडेलाला दोन गुण जास्त पडले की काय म्हणून रात्र रात्र खोडरबर झिजवतोय! पेन्सिलीनं बंदी लिहिली की आमच्या टेबलावर ती पाळली जाते. एवढ्या एका गोष्टीत मी सरकारच्या पुढे आहे, आणि त्याचा मला आनंद झाला नाही.

काकांचा मुलगा आता बोईसरला एमआयडीसीत पाळीला जातो, सुट्टी उधाणात आली तर बोटीवर. खेळात याला मल्टिक्लास म्हणतात. दोन क्लास घेणारा कुठल्याच क्लासच्या शेवटच्या पातळीला पोचत नाही, हा माझा आवडता सिद्धांत. तो ऐकवायला मी तोंड उघडलं, काकांकडे पाहिलं आणि चहा घेणार का विचारलं.

चहा पिता पिता काकांनी नवा क्लास सुचवला: मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. तलवार नाही, मंत्र नाही. शक्ती एकच, अडकलेला डिझेल परतावा सोडवून आणणं. मित्राचं म्हणणं, हे कुणालाही पाचव्या पातळीला जमावं. मी विसावी म्हणतोय, म्हणजे खेळातली शेवटची. काका म्हणतात, त्याच्या पुढची काढ.