थेंबकाका

लिफ्टचं दार उघडताच निलगिरी, लवंग आणि गवती चहाचा एकत्र भपकारा आला, की समजावं थेंबकाका नुकतेच खाली गेलेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून काकांनी जंतूंविरुद्ध आघाडी उघडली आहे. तपकिरी बाटल्या, ड्रॉपर, स्वहस्ते लिहिलेली लेबलं. 'केमिकल' हा शब्द ते 'थकबाकीदार'च्या सुरात उच्चारतात.

घरी गेलात तर आधी प्रयोग बघावा लागतो. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे, बाटलीत घालून काका हलवतात. बघता बघता खड्यांचं पाणी होतं. "अमृतधारा! आहे एक तरी केमिकल?" ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल, माउथवॉशमध्ये असतं तेच, असं सांगितलं तर म्हणतात, "ते त्यांचं. हे आपलं."

ऑस्ट्रेलियाच्या आर्थर पेनफोल्डनं 1920च्या दशकात टी ट्री तेल कार्बोलिक ॲसिडपेक्षा प्रभावी जंतुनाशक असल्याचं दाखवलं, हे काका असं सांगतात, जणू पेनफोल्ड त्यांच्याच शाखेत कॅशियर होता.

दहीहंडीला काकांनी बिल्डिंगभर कोरफडीचं क्रीम वाटलं. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून लव्हेंडरचे चार थेंब. तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगत राहिलं आणि खाली पाण्यात जंतूंचं गोकुळ नांदू लागलं. गौरी येईस्तोवर डबीत हिरवी लव उगवली. तक्रार नेली, तर काका प्रसन्न!

"बुरशी आली म्हणजे माल अस्सल! बाजारच्या क्रीमला येते कधी?"

तरी दुसऱ्या घाण्यात त्यांनी दालचिनी आणि लवंगेचं तेल सढळ हातानं ओतलं. बुरशीची काय बिशाद! पण जे तेल जंतूंचं आवरण फोडतं, ते आपल्या कातडीलाही सोडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे गाल दोन दिवस लालभडक. काकांचं निदान तयार होतं, "आतली उष्णता बाहेर पडतेय."

काकूंचा चेहरा मात्र नितळ. न राहवून एकदा विचारलंच, "तुम्हाला बरं मानवतं हे क्रीम?"

काकूंनी आधी दाराकडे पाहिलं. "तोंडाला साबण-पाणी हो. क्रीम रात्री मोरीत ओतते. घाण वास जातो, झुरळ फिरकत नाही. ह्यांच्या तेलांत ताकद आहे, त्यात वादच नाही!"