आवारातला रस्ता दर तीन वर्षांनी कसा करावा

प्रस्तुत मार्गदर्शन सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या नवनिर्वाचित सचिवांसाठी आहे. फाटकापासून पार्किंगपर्यंतचा रस्ता एकदा नीट करून घेतला, तर पंधरा-वीस वर्षे त्याच्याकडे ढुंकून पाहावे लागत नाही, असे जाणकार सांगतात. त्यांचे खरे असेलही. पण मग वार्षिक सभेत बोलायचे कशावर? मागच्या समितीने पैसे खाल्ले, असे म्हणायचे कशाच्या जोरावर? ज्या सोसायटीचा रस्ता उखडत नाही, तिथे माणसे एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. तेव्हा दर तिसऱ्या पावसाळ्यात हमखास हलेल असा रस्ता कसा करवून घ्यावा आणि त्यासाठी रीतसर पैसे कसे मोजावेत, एवढ्यापुरतेच हे विवेचन आहे.

उदाहरणादाखल 24 सदनिकांची एक इमारत धरू. रस्ता 12 फूट रुंद, 100 फूट लांब, म्हणजे 1,200 चौरस फूट. वर पेव्हर ब्लॉक, कारण शेजारच्या सोसायटीत तेच आहेत.

आधी कोटेशने मागवावीत. तीन. पहिल्यावर दर 85 असतो, दुसऱ्यावर 915 आणि तिसऱ्यावर 8,500. पहिला चौरस फुटाचा, दुसरा चौरस मीटरचा आणि तिसरा ब्रासचा, म्हणजे शंभर चौरस फुटांचा. हिशेब केला तर तिघेही तेवढेच पैसे मागत आहेत असे दिसेल. म्हणून हिशेब करू नये. तुलनात्मक तक्ता बँकेतून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांकडून करून घ्यावा. त्यांच्या तक्त्यावर शंका घेणे कोणालाच बरे वाटत नाही. 85 हा आकडा सर्वात लहान आहे, हे उघड आहे. तोच एकमताने मंजूर करावा.

कोटेशनात वाचण्यासारखे खरे असते ते तळाशी, बारीक अक्षरांत. खोदाई वेगळी. राडारोडा उचलणे वेगळे. चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलणे नगावर वेगळे. पाणी आणि वीज सोसायटीची. आणि सर्वात शेवटी, ‘खालचा बेस जागेवर पाहून.’ ही ओळ सभेत मोठ्याने वाचू नये. रस्त्याचा निम्मा खर्च आणि जवळजवळ सगळे आयुष्य तिच्यात दडलेले असते.

आता रक्कम. 1,200 गुणिले 85 म्हणजे 1,02,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 18,360. एकूण 1,20,360, म्हणजे प्रत्येक सदनिकेला 5,015 रुपये. इथे ठेकेदार सचिवांना जरा बाजूला घेऊन विचारतो, “साहेब, बिल पक्कंच लागणार का?” हा प्रश्न सचिवांच्या चारित्र्याची परीक्षा पाहणारा आहे. 18 टक्के वाचवल्याचा आनंद लेखापरीक्षक येईपर्यंत टिकतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

आदर्श उपविधींप्रमाणे सभासदांकडून दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान 0.25 टक्के वर्गणी घेतलेली असते. दुरुस्ती निधी दुरुस्तीसाठीच असतो. परंतु तो मुदत ठेवीत असतो, ठेव मोडली तर व्याज बुडते, आणि व्याज बुडवणारा सचिव पुन्हा निवडून येत नाही. म्हणून निधी तसाच ठेवून वेगळी वर्गणी काढावी.

यासाठी सर्वसाधारण सभा लागते. गणपूर्ती दोन-तृतीयांश सभासद किंवा 20, यांतली कमी असेल ती. 24 जणांच्या संस्थेत 16. पाच वाजता सात जण असतात. सभा अर्धा तास तहकूब करावी. साडेपाच वाजता तेच सात जण कायदेशीर सभा होतात. मग 5,015 मधले वरचे 15 रुपये काढावेत की नाही, यावर चर्चा घ्यावी. ते काढले तर 360 रुपये कमी पडतात आणि ते कोणी भरायचे हा तत्त्वाचा प्रश्न होतो. तळमजल्याचे काका म्हणतात, माझ्याकडे गाडीच नाही. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, माझी स्कूटर आहे, मला निम्मा दर लावा. न्यू जर्सीला राहणारे आणि फ्लॅटला कुलूप असलेले सभासद ग्रुपवर लिहितात की त्यांच्या घरापुढे डांबर आहे आणि दोन-तीन वर्षांनी वर नुसता काळा थर फिरवला की भागते. यावर कोणी उत्तर देऊ नये.

उरलेला वेळ रंगाला द्यावा. लाल-पिवळा की लाल-करडा? रंग ब्लॉकच्या वरच्या पाऊण-एक सेंटिमीटरातच असतो, खाली सगळे काँक्रीट एकाच रंगाचे. म्हणजे सभेचा सव्वा तास आणि ब्लॉकचा हा पापुद्रा यांचे प्रमाण अगदी योग्य बसते. शिवाय रबरी साच्यात ओतलेला ब्लॉक चकचकीत दिसतो आणि मशीनमध्ये दाबून काढलेला खरखरीत. नमुना म्हणून दोन्ही टेबलावर ठेवले तर सभा चकचकीतच निवडते. पावसात त्यावरून घसरायला होते, पण सभा सप्टेंबरात सभागृहात असते.

ब्लॉकच्या जाडीविषयी कोणी बोलू लागला तर सभापतींनी वेळेचे भान द्यावे. भारतीय मानक 15658 मध्ये हे सगळे ठरवून दिलेले आहे: नुसते चालायचे असेल तिथे 50 मिलिमीटर, हलक्या वाहनांना 60, मध्यम वाहतुकीला 80. आपल्या आवारात मोटारी आणि स्कूटरी येतात, म्हणजे हलकी वाहतूक. 60 पुरे, असे म्हणून विषय संपवावा. टँकरचे नाव काढू नये.

काढलेच, तर पुढील माहिती आपल्यापुरती ठेवावी. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये पाणीच दहा टन असते, गाडीचे वजन वेगळे. मागच्या चाकांवर मिळून सहज दहा टन येतात. लहान मोटारीच्या मागच्या चाकांवर सहाशे-एक किलो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून अहोरात्र ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही, सोळा पट होते. भाराच्या चौथ्या घाताने ते वाढते. आपल्या टँकरचा भार मोटारीच्या सोळा पट धरला तर 16 चा चौथा घात 65,536. एक टँकर आत येऊन गेला की पासष्ट हजार मोटारी आल्या-गेल्यासारखे. उन्हाळ्यात दिवसाला तीन टँकर घेणारी सोसायटी ‘आपल्याकडे हलकी वाहतूक आहे’ असा ठराव करते, तेव्हा सूचक आणि अनुमोदक यांची नावे इतिवृत्तात ठळक लिहावीत.

प्रत्यक्ष कामाला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरुवात करावी. त्याआधी केले तर जमीन कोरडी असते, रोलर मिळतो, घाई नसते आणि काम चांगले होण्याचा धोका राहतो.

खोदल्यावर खाली काळी माती निघाली तर ती तशीच राहू द्यावी. पावसात फुगणे आणि उन्हाळ्यात भेगाळणे हा तिचा स्वभाव आहे. ती काढून मुरूम आणि खडी भरावी, पाणी मारून थराथराने दाबावी, असे गवंडीसुद्धा सांगतो. पण हिशेब पाहा: 1,200 चौरस फुटांवर अर्धा फूट थर म्हणजे 600 घनफूट, सहा ब्रास (इथला ब्रास शंभर घनफुटांचा), तेही दाबून झाल्यावर. मागवताना आठ-एक ब्रास मागवावे लागतात. गाडीभाडे, रोलर, खोदलेल्या मातीची विल्हेवाट. एवढे सगळे पैसे घालून वर काय दिसते? काहीच नाही. सभासदांच्या 5,015 रुपयांचा असा जमिनीखाली अपव्यय करू नये.

ब्लॉकखाली वाळूची गादी तीस-चाळीस मिलिमीटरची असावी, असे शास्त्र आहे. तेवढ्याला दीड ब्रासच्या थोडी वर वाळू लागते. ठेकेदार तीन ब्रासची मागणी करतो, कारण खालचे खड्डे-उंचवटे त्याला वाळूनेच सारखे करायचे असतात. जिथे वाळू जाड तिथे चाकाखाली ती सरकते आणि सहा महिन्यांत गाडीच्या चाकांच्या दोन पन्हळी उमटतात. पण अंथरलेली वाळू फार छान दिसते. मुले तिच्यात खेळतात.

वाळूचा ट्रक आला की खाली उतरून माप घेऊ नये. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले शंभर, की ब्रास निघतो. टेप असला की पाच मिनिटांचे काम. पण सचिव टेप घेऊन ट्रकवर चढला तर ड्रायव्हरच्या मनात संस्थेची काय प्रतिमा राहील? किंचित ओलसर वाळू कोरड्यापेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापते, म्हणजे आलेल्या पाच ब्रासांतला एक निव्वळ ओलावा असू शकतो. ड्रायव्हरला हे शाळेत न जाता माहीत असते.

ढाळ हा विषय गवंड्यावर सोडावा. साठास एक ढाळ द्यायचा तर 12 फुटांच्या रुंदीत एका बाजूला अडीच इंच उतार हवा. त्यासाठी दोरी, लेव्हलची नळी आणि दोन शहाणी माणसे लागतात. जुन्या फरशीवरच नवे ब्लॉक चढवले तर खोदाईही वाचते आणि रस्ता मीटरच्या खोलीच्या उंबऱ्याच्या वर येतो. एका तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर या रस्त्यावर साडेपाच हजार लिटर पाणी जमते. अर्धा टँकर! तोही फुकट. तो लिफ्टच्या खड्ड्यात कसा उतरतो ते पाहायला सर्व सभासद जिन्यात जमतात.

सांध्यांकडे येऊ. दोन ब्लॉकांमधल्या दोन-चार मिलिमीटरच्या फटीत कोरडी बारीक वाळू झाडूने लोटायची, वरून धुम्मस करणारे यंत्र फिरवायचे, वाळू खाली बसली की पुन्हा लोटायची. या क्षुल्लक वाळूमुळेच एक ब्लॉक आपला भार शेजाऱ्याला देतो. ती नसेल तर प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र सभासद असतो. कडेला कर्ब घट्ट बसवला नाही तर ही मंडळी हळूहळू बागेकडे सरकतात. काम करणाऱ्या मुलांना जेवायची घाई असते तेव्हा हा टप्पा उरकून घ्यावा. याचे फळ जूनमध्ये मिळते: ऑफिसला निघालेले गृहस्थ छत्री सावरत एका निष्पाप दिसणाऱ्या लाल ब्लॉकवर पाय ठेवतात, ब्लॉक एका कोपऱ्यावर डुलतो, आणि खालची चिखलाची पिचकारी पँटीच्या आतून थेट गुडघ्यापर्यंत जाते. ते वर पाहतात. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत सचिव चहा पीत उभे असतात.

काम संपताच सगळे पैसे चुकते करावेत. पाच टक्के रक्कम वर्षभर राखून ठेवावी, एक पावसाळा जाऊ द्यावा, मग द्यावी, अशी पद्धत सरकारी कामांत आणि हट्टी सोसायट्यांत असते. आपण ठेकेदाराला पेढा द्यावा, नारळ फोडावा, फोटो काढावा आणि धनादेश द्यावा. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा होतो.

पुढच्या आठवड्यात इंटरनेटवाले केबल टाकायला येतात. त्यांना परवानगी द्यावी, कारण मुलांच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. ते पहारीने ब्लॉक उचकटतात, केबल टाकतात, माती लोटतात आणि निम्मे ब्लॉक रंगीत बाजू खाली करून बसवून जातात. मग गणपतीचा मांडव येतो आणि उरलेल्या ठिकाणी बांबू रोवले जातात. इथपर्यंत आलो की रस्ता स्वतःच्या पायावर उभा राहतो, म्हणजे बसतो.

एक धोका मात्र शेवटपर्यंत राहतो. हे ब्लॉक दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये भाजलेल्या विटांच्या रस्त्यांना पर्याय म्हणून पुढे आले. तिथली जमीन भुसभुशीत. ती खचली की ब्लॉक उचलायचे, खाली भर घालून दाबायचे आणि तेच ब्लॉक पुन्हा लावायचे. नवी खरेदी जवळपास नाहीच. म्हणजे आपल्या रस्त्याची दुरुस्तीही थोडा मुरूम, थोडी वाळू आणि दोन गवंड्यांची मजुरी यांत होऊ शकते. ही गोष्ट ठेकेदाराला पक्की ठाऊक असते. सभासदांना कळू देऊ नये.

त्यासाठी जादा आलेल्या ब्लॉकांचा आधीच बंदोबस्त करावा. मोडतोडीसाठी शेकडा दोन-तीन ब्लॉक जास्तीचे येतात आणि जिन्याखाली रचले जातात. इस्त्रीवाल्याला टेबलाखाली चार द्यावेत. वहिनींच्या कुंड्यांना आठ. मुलांना स्टंपसाठी सहा. उतारावर लावलेल्या टेम्पोच्या चाकाला दोन. वॉचमनच्या खुर्चीचा मोडलेला पाय एकावर. दिवाळीपर्यंत ढीग संपतो. मग पाच-पंचवीस ब्लॉक फुटले की ठेकेदाराला नव्या नंबरवर गाठावे. तो येतो, वाकून बघतो, एक ब्लॉक हातात घेऊन उलटासुलटा करतो आणि म्हणतो, “हा साचा आता बंद झाला, साहेब. मधे दुसरा टाकला तर ठिगळ दिसेल. सगळंच काढावं लागेल.”

यावर वाद घालू नये. वार्षिक सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते, विशेष सभेला पाच दिवस पुरतात. पावसाळा तोंडावर असल्याने विशेष सभाच बोलवावी, आणि विषयपत्रिकेत रंगाचा विषय पहिला घ्यावा.