कोंबड्या सुखरूप आहेत, आई

रेडिंग, रविवार दुपार

ती. आईस,

काल फोन मधेच तुटला तो रेंज गेली म्हणून, कोल्ह्याने काही केलं म्हणून नव्हे. तू त्यानंतर जेवलीसुद्धा नाहीस असं दादाने कळवलं, म्हणून कुकर लावून लिहायला बसले आहे. चिनूने तुला व्हिडिओत दाखवला तो कोल्हा आमच्या कुंपणावर बसला होता, खुराड्यावर नाही. आणि तो पोरांना धरत नाही. उलट चिनूच त्याला पार्ले-जी द्यायला निघाली होती.

पार्सल पोचलं. कुळथाचं पीठ सांडलं नाही, सांडगे मात्र अर्धे चुरा. त्यातली काळी बाहुली आजीने कोंबड्यांसाठी पाठवली आहे हे चिठ्ठी वाचल्यावर कळलं. खुराड्याच्या दारावर टांगली. शेजारच्या बाईंनी विचारलं, हे कोल्ह्याला घाबरवायला का? ह्यांनी गंभीर चेहऱ्याने हो म्हटलं. आता त्यांनाही एक हवी आहे. आजीला सांग, ऑर्डर आली.

बाबा विचारत होते, कोल्हा गावात नाही आणि शहरात कसा. बाबा, इथे तो शहराचाच रहिवासी. 1930 च्या दशकात लंडनभोवती बागावाली घरं पसरत गेली, तेव्हापासून हे लोक शेडखाली, झुडपांत सुखाने राहतात. मार्चमध्ये पिल्लं होतात, मग एप्रिल-मेमध्ये मादी भरदिवसाही शिकारीला निघते. जानेवारीत तर रात्री असा ओरडतो, की पहिल्या वर्षी मी पोलिसांना फोन करणार होते. विष घालणं गुन्हा, आणि समजा एक गेला तर रिकाम्या जागेत दुसरा येतोच. म्हणून त्याला मारायचा विचार सोडायचा आणि आपल्याच कोंबड्या तुरुंगात घालायच्या.

शिट्टी झाली. आले.

हां. तर तुरुंग. कोंबडीची म्हणून दुकानात मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो दातांनी ती फाडतो. आपल्याला लागते ती अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे उंदीरही येत नाही. वरूनसुद्धा जाळी, कारण हा सहा फुटी कुंपण मांजरासारखा चढतो. आणि खाली जमिनीवर, चारी बाजूंनी बाहेर हातभर जाळी पसरून खुंट्या ठोकायच्या. कोल्हा भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतो, जाळी लागली की अडतो, आणि दोन पावलं मागे सरून उकरावं एवढं त्याला सुचत नाही. बाबा, हे वाचून तुम्हाला आपल्या वाडीतलं कोण आठवलं ते मला माहीत आहे. पत्र मोठ्याने वाचत असाल तर एवढं गाळा.

एवढं कशाला, म्हणशील. मागच्या गल्लीत एकांकडे रात्री दार उघडं राहिलं. कोल्ह्याने एक नेली आणि बाकीच्या सगळ्या मारून टाकून गेला. त्यात दुष्टपणा नाही. जास्तीची शिकार पुरून ठेवायची त्याची सवय, आणि बंद खुराड्यात कोंबड्यांना पळायला जागा नसते, मग फडफड थांबेपर्यंत तो थांबत नाही. पण सकाळी ते पाहणाऱ्या बाईंना हे कोण समजावणार?

आता किंमत. बसून वाच. इथे जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड, डिसेंबरात चारला काळोख. कोंबड्या काळोख पडल्यावर आत जातात आणि थंडीत तेव्हा आम्ही दोघंही ऑफिसात. म्हणून उजेड पाहून आपोआप उघडझाप करणारं दार घेतलं. एवढंसं पत्र्याचं फळकूट. सव्वाशे पौंड! चौदा हजारांच्या आसपास झाले, आई. एवढ्यात दादाने अख्खा गोठा शाकारला असता. ते दार संध्याकाळी घर्रर्र करत खाली येतं तेव्हा ह्यांना गड राखल्यासारखं वाटतं. तात्यांचं कुलूप आठवतं ना? तसं हे तीनदा जाऊन हलवून बघतात.

आणि मला त्या वेळी आजी आठवते. आपल्याकडे काय होतं? एक डालगं आणि त्यावर दगड. घार आली की आजी ओटीवरूनच अशी हाळी द्यायची की घार सोड, पोस्टमनही मागे फिरायचा. मुंगूस दिसलं तर समोरची काकू, साप दिसला तर सगळी वाडी. दिवसभर कोणी ना कोणी अंगणात असायचंच. इथे सकाळी आठला गल्ली रिकामी होते. चौदा हजारांत त्या दाराने आजीचं अर्धंच काम घेतलंय. ते कोंबड्या मोजत नाही आणि त्यांना शिव्या घालत नाही. परवा काळोखात मीच जाऊन ‘बा बा बा’ करून आले. कोंबड्यांनी ढुंकून पाहिलं नाही, इंग्लिश आहेत. मला मात्र बराच वेळ आत यावंसं वाटेना.

असो. सरकारी गंमत ऐक. 1 ऑक्टोबर 2024 पासून एक कोंबडी पाळली तरी सरकारदरबारी नोंद सक्तीची, बर्ड फ्लूमुळे. जात कोणती, किती, कशासाठी. तुमची वारसनोंद अजून सातबाऱ्यावर चढते आहे आणि आमच्या कोंबड्या एका बैठकीत चढल्या. त्याचं मला काही नाही. पण दुसरा नियम! घरातलं उष्टंखरकटं कोंबडीला घालायला बंदी. उष्टं सोड, मेथीची देठंही नाहीत. 2001 मध्ये इथे लाळ्या खुरकुताची साथ आली, साठ लाखांवर जनावरं मारावी लागली. दूषित खरकटं डुकरांना घातल्यातून ती सुरू झाली असं मानतात, त्यानंतरचा हा कायदा. स्वयंपाकघरात मांस-मच्छी, दूध-तूप काहीच नसेल तरच सूट. आपल्या घरात बांगडा! आणि बांगडा नसेल त्या दिवशी तूप. त्यामुळे बागेतला कोबी थेट खुराड्यात गेला तर चालतो, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला की बाटला. हे कोबी घेऊन घराला वळसा घालून जातात. सोवळ्यातल्या आजीने पाहिलं तर जावयाचं कौतुक करील. शिळी भाकरी मात्र मी कचऱ्यात टाकते आणि टाकताना दर वेळी तुझा चेहरा समोर येतो.

बाकी तुमच्याकडचं. सुमीचं ठरलं हे मला फेसबुकवरून कळावं? मुलगा चिपळूणचा असला तर पाटबंधाऱ्यातल्या नेन्यांचा का? वहिनीने गुडघ्याला तेल लावणं थांबवून डॉक्टरकडे जावं, ह्याला माझं दादाविरुद्ध मत समजा. फणस बापूंना ठरवून देऊ नका, मागच्या वेळचे पैसे अजून यायचेत. आणि मोत्या म्हातारा झाला म्हणून त्याला साखळीला बांधलं हे मला आवडलं नाही.

दादाला सांग, एक अंडं केवढ्याला पडतं हा हिशोब त्याने विचारू नये. ह्यांनी एकदा कागदावर मांडला होता, मी तो कागद चुलीत... इथे चूल नाही, फाडला.

मशीन थांबलं, कपडे वाळत घालते. पाऊस येणारच आहे, तरी घालते.

तुझी,
बेबी

ता. क. सर्वांत दांडगट कोंबडीचं नाव चिनूने कुसुम ठेवलं आहे. मावशीच्या कानावर गेलं तर सुमीच्या लग्नात मला पंगतीला बसू देणार नाही, आणि तिकिटं काढून झाली आहेत.