नगर ते न्यूयॉर्क : अंतर मोजण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पोराला अमेरिकेचा व्हिसा मिळाला की अंतर आणि वेळ घरात प्रत्येकाला तोंडपाठ हवी. चारचौघांत चुकीचा आकडा सांगून घराण्याची शोभा होऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन.

साहित्य : पृथ्वीगोल, दोरा, घड्याळ, किराणा दुकानातला काटा आणि एक चौकस शेजारी.

१. दोरा ताणा. मुंबई ते न्यूयॉर्क. दोरा अरबस्तानावरून जाईल असं वाटतं. तो जातो स्वीडन-नॉर्वेवरून, ग्रीनलँडच्या बाजूने. लांबी साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९००ने भागा : चौदा तास. हे उत्तर खोडा. पश्चिमेला जाताना वरचा वारा तोंडावर असतो आणि वाटेतलं आकाश दुसऱ्यांच्या मालकीचं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना वाट बंद केली, तेव्हा वळसे पडले. सोळा तास धरा.

२. विमानतळ निवडा. जिल्ह्याला विमानतळ आहे : २०१७ साली सुरू झालेला, नावाने शिर्डीचा, जमिनीने कोपरगाव तालुक्यातल्या काकडीचा. पण काकडी उत्तरेला, मुंबई थेट पश्चिमेला. नगर आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. दोऱ्याने जेमतेम दोनशे किलोमीटर. दोरा बाजूला ठेवा, पुण्यावरून जायचंय.

३. बॅग मोजा. मर्यादा २३ किलो. काटा २५ दाखवतो. चटणी काढा, भाजणी राहू द्या. आई आत गेली की पुन्हा मोजा : २५. चटणी परत आलेली असते. ही फेरी तीनदा होते. वेळ हिशोबात धरा.

४. उंबरा ओलांडा. हातावर दही, देवाला नमस्कार, “जातो नाही, येतो म्हण”, मग विसरलेला चार्जर. एक तास.

५. रस्ता. सुपा, शिरूर, रांजणगाव सुरळीत. वाघोलीत भागाकार थांबवा. शून्याने भागता येत नाही. मुंबईपर्यंत सात तास.

६. घड्याळ लावा. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. रात्री एकला सुटलेलं विमान तिथल्या सकाळी साडेसहाला उतरतं. शेजारचे अण्णा बोटांवर मोजून जाहीर करतात : “साडेपाच तास! म्हणजे मुंबईपेक्षा अमेरिका जवळ.” वाद घालू नका. नगरकराच्या अनुभवाशी हे जुळतं. येताना घड्याळ सगळं व्याजासकट वसूल करतं.

७. पडताळा. आजीला विचारा, तिकडे आत्ता किती वाजले? ती घड्याळाकडे बघतसुद्धा नाही. “उठला असेल. काही न खाताच निघेल.” उत्तर जुळलं की हिशोब बरोबर.