तीन नंबर कमी आहे

बंद पडलेल्या गाडीला अण्णा हात लावत नाहीत, कान लावतात. भर दुपारी कोल्हापूरच्या बिंदू चौकात आपण घामाघूम झालेलो असतो, मागचे रिक्षावाले हॉर्नवरचा हात काढत नसतात आणि अण्णा बॉनेटवर वाकून शांतपणे म्हणतात, "जरा सेल्फ मारा बघू." आपण मारतो. इंजिन कुर्र, कुर्र करत एकदा नुसतंच 'कुर' करतं. अण्णांचा चेहरा उजळतो. "ऐकलंत? तीन नंबर कमी आहे."

पेट्रोल संपलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

असे अण्णा तुमच्याही गल्लीत असणारच. आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी कुठं मुरतंय हे शोधण्यात नोकरी गेली, आता हवा कुठून जाते ते शोधतात. त्यासाठी त्यांनी एक प्रीमियर पद्मिनी सांभाळली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'डिलाइट' नावानं निघणारी आणि १९७४ मध्ये पद्मिनी झालेली ही फियाट; १०८९ सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. काकूंच्या मते ती गाडी आहे. अण्णांच्या मते ती केस आहे.

दर रविवारी केसची तपासणी असते. आधी इंजिन गरम करायचं. मग चारही प्लग बाहेर, डेल्कोची मधली वायर काढून बाजूला, आणि एकानं आत बसून अ‍ॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. हा 'एकानं' म्हणजे मंडईची पिशवी घेऊन समोरून जाणारा कुणीही. अण्णा प्लगच्या भोकात कॉम्प्रेशनचं गेज लावतात, चार-पाच फुसक्यांत काटा वर चढून थांबतो आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूनं आकडे पडतात: १२०, ११८, ८५, ११८. भिंतीवर असे कैक रविवार आहेत. तिसरा आकडा प्रत्येक ओळीत कमी.

मग तिसऱ्या भोकात चमचाभर ऑइल जातं, पुन्हा सेल्फ. काटा वर चढला तर रिंगा झिजल्यात, तेलानं तेवढ्यापुरती फट बुजली. ढिम्म राहिला तर वाल्व नीट बसत नाही, नाहीतर गास्केट. शेजारशेजारचे दोन नंबर एकदम पडले तर गास्केट त्यांच्या मधेच फुटलंय. ह्याची हवा त्याच्या घरात, त्याची ह्याच्या. हे सगळं होईपर्यंत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि तपासणीआधी सुरळीत सुरू होणारी गाडी तपासणीनंतर आम्ही सगळे मिळून ढकलतो. याला अण्णा निदान म्हणतात.

खरं तर निदान कधीच झालेलं आहे. तेल टाकलं की पंच्याऐंशीचे एकशे दहा होतात. रिंगा गेल्यात हे आता गल्लीतल्या पोरांनाही पाठ आहे. उद्यमनगरात न्यावी, बोअर मारून घ्यावा, पिस्टन-रिंगा बदलाव्यात, विषय संपला. काकू हेच सांगून थकल्या. अण्णा म्हणतात, "घाई कसली? अजून चालते की."

एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण जगात जिथं जिथं चार आहेत, तिथं तिथं अण्णांना तिसरा कमी दिसतो. भाचीला बघायला आलेल्या मंडळींनी चौघा भावांची ओळख करून दिली, तर पहिला प्रश्न, "तिसरे काय करतात?" तिसरे भाऊ खरोखरच काही करत नव्हते. ते लग्न मोडलं आणि अण्णांचा आत्मविश्वास कायमचा वाढला. भजनी मंडळात चार टाळकरी बसतात, अण्णा अभंग संपल्यावर तिसऱ्याच्या कानात सांगतात, "टायमिंग बघून घ्या." पंगतीत वाढायला घेतलं तर इंजिनाच्या क्रमानं, एक-तीन-चार-दोन; दोन नंबरच्या पाटावरच्या पाहुण्याचा भात आमटीची वाट बघत गार होतो. पुतण्यानं नवी गाडी घेतली. पेढा हातात घेऊन अण्णांनी विचारलं, "सिलिंडर किती?" तो म्हणाला, तीन. अण्णांनी पेढा खाली ठेवला. "चौथा कुणी नेला?"

माणसांचे त्यांनी दोन वर्ग केले आहेत. चमचाभर तेल टाका, म्हणजे चार गोड शब्द बोला; ज्याचा काटा चढतो तो नुसता झिजलेला, मनानं चांगला. ज्याचा तरीही चढत नाही, त्याचा वाल्व बसत नाही. आमच्या आमदारांना ते कुठल्या वर्गात घालतात ते इथं लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्यांच्यावर चमचा नाही, डबा ओतून झालाय.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, तिची भरली. त्या दिवशी अण्णा पेपर घेऊन आले, बसले, चहाला नको म्हणाले. "वय मोजलं. कॉम्प्रेशन मोजलं नाही." मग थोड्या वेळानं, "आम्हाला तरी काय, अठ्ठावन्नला हार घातला. गेज लावून कुणी बघितलं?" मी म्हणालो, "अण्णा, तुमचे चारही नंबर ठणठणीत आहेत." ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तेल टाकू नका." पण काटा चढलेला मी पाहिला.

ह्या माणसाबद्दल बरं लिहायची माझी इच्छा नव्हती. तरी सोसायटीच्या सभेचं सांगितलंच पाहिजे. फ्लॅट नंबर तीनची थकबाकी साचली होती. गृहस्थाचं काम सुटलेलं, घरात आजारपण. सेक्रेटरींनी ठराव मांडला: नाव फलकावर लावावं, नळ तोडावा. हात वर होऊ लागले. फ्लॅटचा नंबर ऐकून आम्ही अण्णांकडं बघून हसू दाबत होतो, तेवढ्यात ते उठले.

"चारही सिलिंडर ऐंशीवर आले तरी गाडी गुळगुळीत चालते. दम कमी असतो, एवढंच. हादरे बसतात ते फरकानं. एक एकशेवीस आणि एक ऐंशी, म्हणून. आता ह्यावर इलाज म्हणून कमी असलेल्याचा प्लग काढून फेकायचा, हे कुठल्या मिस्त्रीनं सांगितलं तुम्हाला? माझा तीन नंबर इतकी वर्षं कमी आहे. बाकीचे तिघं ओढतात. चढाला जरा कुरकुरतात, पण जोतिबाला जाऊन येतो आम्ही."

ठराव बारगळला. हप्ते बांधून दिले. पहिला हप्ता सोसायटीच्या वहीत 'एका सदस्याकडून' असा जमा आहे. त्याच सुमारास काकूंनी पद्मिनीच्या बोअरिंगसाठी बाजूला ठेवलेले पैसे कुठं गेले, याचा घरात बराच तपास झाला. निदान झालं नाही.

भाषण मात्र सगळ्यांनाच फार आवडलं. इतकं, की पुढच्या सभेपर्यंत अख्खी सोसायटी तीन नंबर झाली. दोन गाड्या आणि शेतावर बंगला असलेल्या गृहस्थांनी मेंटेनन्स थकवला आणि विचारलं तर म्हणाले, "सध्या आपलं कॉम्प्रेशन कमी आहे, तिघांनी ओढा." खजिनदार पाण्याच्या टाकीचा हिशेब आणायला विसरले, तेही तीन नंबर. नळ तोडायला निघालेल्या सेक्रेटरींनी तर वर्षाचा ताळेबंदच दिला नाही आणि आवाज कापरा करून म्हणाले, "मला समजून घ्या."

अण्णांनी समजून घेतलं. त्यांना शेजारी बसवलं, चहा मागवला, त्यांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल पाच मिनिटं बोलले. सेक्रेटरी सुखावले, दुसरा कप घेतला, मिशी पुसली. अण्णांनी हळूच विचारलं, "मग ताळेबंद कधी?"

"बघू की."

अण्णा आमच्याकडं वळले. "रिंगा नव्या आहेत. वाल्व बसत नाही. खोला."

सेक्रेटरी बदलून झाला. पद्मिनी अजून खोललेली नाही.