भैरवीच्या आधी पान सुटतं

गेल्या शनिवारी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी मी भैरवीची बातमी पाठवली. भैरवी झाली पावणेदहाला. मधल्या पस्तीस मिनिटांत गाणाऱ्या बाईंचा आवाज बसला असता, वीज गेली असती किंवा त्यांना अचानक भैरवीऐवजी दुसरंच काही गावंसं वाटलं असतं, तर मी सोमवारी वृत्तसंपादकांच्या टेबलासमोर उभा असतो. पण तसं काही झालं नाही. होत नाही. कलाकारांना माझ्या नोकरीची काळजी असावी.

मैफल संपली की बातमी सुरू होते, असा वाचकांचा समज आहे. तो गोड आहे, तसाच राहू द्यावा. खरं असं की पान सुटायची वेळ ठरलेली असते आणि बागेश्री किती वेळ चालेल हे बाईंनासुद्धा ठाऊक नसतं. डाक आवृत्तीचं पान तर त्याहून आधी सुटतं. त्यामुळे तालुक्याच्या वाचकासाठी आमच्या पुण्यातल्या मैफलीला कायम ‘प्रारंभ झाला’ असतो. संपते ती फक्त शहर आवृत्तीत.

मी मुळात क्राइमचा माणूस. चार वर्षं झाली. सकाळी पोलिसांच्या ग्रुपवर रात्रीचा ऐवज येतो, दुपारी कोर्ट, संध्याकाळी एखादं अग्निशमन. गाणं माझ्याकडे आलं ते एका प्रश्नामुळे. ‘‘तुला गाणं आवडतं ना रे?’’ न्यूजरूममध्ये या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये. जे आवडतं ते इथे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करायला मिळतं, तेही बायलाइनशिवाय. आमच्यातल्या एकाने ‘मला खायला आवडतं’ असं भोळेपणाने सांगितलं होतं. तो गेली दोन वर्षं मिसळ महोत्सव करतोय आणि आता पित्ताच्या गोळ्या घेतो.

तर मी मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, मोबाइलचा उजेड कमीत कमी करून. तानपुरे जुळत असतात. ही पाच-सात मिनिटं मला सगळ्यांत प्रिय. चार तारांमधून हळूहळू एक पाचवंच काहीतरी उभं राहायला लागतं आणि सभागृहातल्या खोकल्यांना आपोआप लाज वाटते. नेमका तेव्हाच फोन थरथरतो.

‘‘सुरू झालं का?’’

‘‘अजून जुळवतायत.’’

‘‘काय जुळवतायत?’’

‘‘तानपुरे.’’

‘‘मला वाटलं जागावाटप. बरं, दीडशे शब्द. जाहिरात आली तर ऐंशी.’’

दीडशे शब्दांत काय बसतं? व्यासपीठावरचे मान्यवर बसतात. दीपप्रज्वलन बसतं. प्रायोजक बसतात, त्यांना तर खुर्चीही पुढचीच असते. साथीदारांची नावं बसवावीच लागतात, नाहीतर तबलजींचा नाही, त्यांच्या शिष्याचा फोन येतो. गाण्याला उरतात तीन ओळी. त्यांतली एक माझ्या मोबाइललाच पाठ आहे. ‘रसिक’ टाइप केलं की पुढे तो स्वतःहून ‘मंत्रमुग्ध’ सुचवतो. पुण्यात गेल्या चार वर्षांत एकही रसिक मंत्रमुग्ध न होता घरी गेलेला नाही. यात मंगळवारी ज्या सभागृहात एसी बंद पडला तिथलेही आले.

एकदा मी बंड केलं. ‘मारू बिहागची सुरुवात त्यांनी विलंबित एकतालात केली’ असं साधं, खरं वाक्य लिहिलं. मंत्र नाही, मुग्ध नाही. सकाळी छापून आलं : ‘मारू बिहारची सुरुवात त्यांनी एक तास विलंबाने केली.’ उपसंपादकाची चूक म्हणवत नाही. रात्री साडेदहाला, चौदावी कॉपी हातात असताना, बिहाग हा राग आहे आणि विलंबित हा गुन्हा नाही, हे त्याने का मानावं? आयोजकांचा फोन आला. कार्यक्रम वेळेत सुरू झाला होता, याचे त्यांच्याकडे फोटो होते. आम्ही खुलासा छापला. खुलाशात बिहार तसाच राहिला.

आता गंमत बघा. गाण्याच्या बातमीत गाणं मावत नाही, पण बाकीचा पेपर उघडा, गाण्याशिवाय त्याचं पान हलत नाही. पहिल्या पानावर निवडणुकीचे पडघम. दुसऱ्यावर दोन आमदारांची जुगलबंदी. विरोधकांचा नाराजीचा सूर, सत्ताधाऱ्यांचं तेच तुणतुणं, बंडखोराने वेगळा आळवलेला राग. क्रीडा पानावर फलंदाजाला सूर गवसतो आणि निवृत्त होताना तो भैरवी घेतो. जुगलबंदी हा शब्द मी एकदा दोन सतारवादकांसाठी वापरला, तर डेस्कवरून विचारणा आली की वाद कशावरून झाला.

संगीतातला जाणकार म्हणून आमच्या कार्यालयाने मला आजवर एकदाच हाक मारली. २०२४च्या लोकसभेला. तुतारी आणि पिपाणी यांत फरक काय, हे राजकीय विभागाला तातडीने हवं होतं. मी खुललो. तुतारी म्हणजे धातूची, बाकदार, ओठांच्या दाबावर वाजणारी, हे सांगितलं. पिपाणी कशी वेगळी आणि दोन्हींच्या आवाजात किती अंतर, तेही सांगितलं. तोंडाने दोन्ही वाजवूनही दाखवल्या. शरद पवारांच्या पक्षाला मिळालेलं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ आणि अपक्षांना वाटलेलं ‘ट्रम्पेट’, म्हणजे पिपाणी; पण मराठीत त्याचंही नाव तुतारीच. साताऱ्यात पिपाणीवाल्या अपक्षाला पडलेली मतं विजयी उमेदवाराच्या आघाडीहून जास्त निघाली. महाराष्ट्रात वाद्यांची ओळख नसल्याने एवढं मोठं नुकसान पहिल्यांदाच झालं असेल. माझ्या निरूपणातून छापलं गेलं ते एक चौकटभर, तेही आकाराबद्दल. आवाजाबद्दलचं काढलं, ‘‘कारण मतपत्रिकेवर आवाज येत नाही.’’ याला उत्तर नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो. पूर्वीही जागा कमीच असणार. पण पूर्वी एक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर होते. टिळकांचा ‘केसरी’ त्यांनी चालवला, १९२३मध्ये ‘नवाकाळ’ काढला, १९२९मध्ये राजद्रोहाखाली शिक्षा झाली. आणि हाच गृहस्थ १९११मध्ये ‘मानापमान’ आणि १९१६मध्ये ‘स्वयंवर’ लिहून बसला होता. एकाला गोविंदराव टेंब्यांच्या चाली, दुसऱ्याला भास्करबुवा बखल्यांच्या. म्हणजे सकाळी सरकारवर अग्रलेख आणि संध्याकाळी भास्करबुवांच्या चालीत अक्षरं बसतायत का ते बघणं. आज त्यांनी आमच्याकडे अर्ज केला तर एचआर विचारील, ‘‘तुमचं नक्की बीट कुठलं?’’ आणि आवडतं म्हणाले तर रविवारी मिसळ महोत्सवाला पाठवील.

नारायणराव राजहंसांना ‘बालगंधर्व’ म्हणणारेही एक संपादकच होते, टिळक, असं सांगतात. एका संपादकाने सहज उच्चारलेला शब्द शंभर वर्षं टिकला. आमचा ‘मंत्रमुग्ध’ही टिकलाय म्हणा.

केशवराव भोळ्यांचा तर मला हेवाच वाटतो. चाली देणारा माणूस. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चं संगीत त्यांचं. आणि तो ‘एकलव्य’ या टोपणनावाने गवयांवर लिहायचा. नाव काय निवडलंय! माझीही जात तीच. गुरूपासून दूर, झाडाआडून शिकणारा. फरक एवढाच की त्याचा अंगठा गुरूने एकदाच मागितला. माझा डेस्क रोज मागतो, कारण सगळी कॉपी मी त्यानेच मोबाइलवर टाइप करतो.

डिसेंबर आला की मात्र आमच्याकडे संगीत ही बातमी होते. सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३मध्ये सुरू केलेला महोत्सव, आता त्यांचंही नाव त्यात आलं आहे. रमणबागेतून तो मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिथे कडेला एक काका बसतात. मांडीवर वही, पेन दोरीने गळ्यात. आलापाच्या दुसऱ्या मिनिटाला ते रागाचं नाव लिहितात आणि चार पेपरांचे वार्ताहर त्यांच्या वहीत वाकून बघतात. एकदा त्यांनी लिहून खोडलं, तर दोन पेपरांत एक राग आला आणि दोन पेपरांत दुसरा.

आमच्या ऑफिसातले निवृत्तीला आलेले सहकारी रमणबागेच्या गोष्टी सांगतात. रात्रभर गाणं, पहाटेच्या थंडीत भारतीय बैठकीवर घोंगड्यात गुरफटलेली माणसं, भीमसेन उजाडता उजाडता तोडी लावतायत. मी ऐकून घेतो, जसं शिकारीच्या गोष्टी ऐकाव्यात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाला. वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळू शकते, पंधराहून जास्त नाही. नियम चांगलाच आहे. आमच्या इमारतीसमोर लग्नाचा डीजे लागतो तेव्हा मीच शंभर नंबर फिरवतो. पण त्या नियमात मालकंस आणि डीजे एकाच कोठडीत गेले. मध्यरात्रीचे राग आता संध्याकाळी साडेसातला हजेरी लावून जातात, पोलिस ठाण्यात लावतात तशी.

सवाईच्या शेवटी स्वतः सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लावतात. मंडप गप्प होतो, जुन्या ध्वनिमुद्रणाच्या खरखरीतून तो आवाज येतो आणि घाईघाईने उठलेली माणसंही जागच्या जागी थांबतात. माझ्या धंद्यात ही एकच भैरवी अशी आहे की जिची बातमी आधी पाठवली तरी पाप लागत नाही.

शिकतोही मी. म्हणजे फी भरतो. पेठेत एका बाईंकडे आठवड्यातून दोन सकाळी सातला. रात्री दीडला घरी आलेल्या माणसाने साडेसहाला उठून खर्ज लावायचा. बाई पेपर वाचतात. मी गैरहजर राहिलो की दुसऱ्या दिवशी विचारतात, ‘‘काल काय, खून होता की आग?’’ आग म्हटलं तर माफ करतात. खून म्हटला तर किती वाजता झाला ते विचारून वेळ जुळवून बघतात. तीन वर्षांत माझा यमन तिसऱ्या तानेपर्यंत आलाय. ‘‘याचीही डाक आवृत्तीच काढलीस होय,’’ असं त्या म्हणाल्या, तेव्हापासून मी त्यांना ऑफिसातलं काही सांगत नाही.

रियाझ करतो तो हेल्मेटात. शहाण्याने हसू नये, एकदा करून पाहावं. रात्री दीडला रस्ता मोकळा, काच खाली, आणि तोंडाशी दोन इंचांवर आपलाच सा परत येऊन कानात बसतो. गाडीच्या इंजिनाचा एक सूर असतो, चाळीसच्या वेगाला तो साधारण माझ्या पट्टीत येतो. पंचेचाळीसला पट्टी चढते. तेवढ्यासाठी मी वेगमर्यादा पाळतो.

तर त्याच गेल्या शनिवारी, शहर आवृत्ती सोडून, हेल्मेटात बागेश्रीचा मध्यम धरून येत होतो. चौकात नाकाबंदी. हवालदारांनी काठी आडवी केली.

‘‘कुणाशी बोलताय आत?’’

‘‘गातोय.’’

‘‘पिऊन?’’

‘‘न पिता.’’

‘‘मग अवघड आहे,’’ म्हणाले आणि यंत्र तोंडासमोर धरलं. यंत्राने शून्य दाखवलं. मग गाडीवरचं ‘प्रेस’ दिसलं. ‘‘कुठं काय झालं? आमच्याकडं तर काही नोंद नाही.’’

मी म्हटलं, काही झालं नाही, गाण्याला गेलो होतो. बाई बागेश्री गायल्या. त्यांनी काठी बॅरिकेडला टेकवली. गावाकडे सप्ताहात पखवाज वाजवतो, म्हणाले, आता ड्युटीमुळे चार वर्षं जमलं नाही. ‘‘कशा गायल्या?’’

‘‘उद्या पेपरात येईल ना.’’

‘‘त्यात मंत्रमुग्ध येईल हो. तुम्ही सांगा.’’

मग सांगितलं. मध्यमावर त्या किती वेळ थांबल्या, पंचमाला नुसता चोरटा हात लावून कशा परत फिरल्या, तेव्हा तबल्याने ठेका किती हलका केला. ते बॅरिकेडच्या पत्र्यावर दोन बोटांनी ठेका धरून ऐकत होते. मधेच म्हणाले, ‘‘ह्यो बरोबर आहे का?’’ बरोबर होता.

‘‘आणि भैरवी?’’

‘‘तेव्हा मी बाहेर होतो. मान्यवरांच्या नावाचं शुद्धलेखन विचारायला डेस्कचा फोन आला होता.’’

‘‘मग पेपरात?’’

‘‘आहे. चार ओळी.’’

ते काही बोलले नाहीत. ठेका मात्र चालू राहिला, मी परत मध्यमावर गेलो. वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढ्यात आमच्या बाजूने तीन गाड्या ट्रिपल सीट गेल्या, एक तर चौघांची. एकाचीही पावती फाटली नाही.