टोल माफ, तिकीट दुप्पट

2025 च्या मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं 5 रुपयांवरून 10 झालं, वातानुकूलित बसचं 6 वरून 12. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ झाला. एका खेपेचे 250 रुपये वाचले. विजेच्या बसलाही ही माफी आहे आणि ती असायलाच हवी. माझं भांडण आहे ते मोटारीच्या माफीशी.

आपल्या राज्यातली वीज अजूनही मुख्यतः कोळशावर, चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांत तयार होते. म्हणून माणशी किती युनिट जळली, हे बघायलाच हवं. विजेच्या मोटारीला 100 किलोमीटरला साधारण 15 युनिट लागतात. बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे सव्वा ते दीड. बसमध्ये 40 माणसं धरली तर 100 किलोमीटरला माणशी तीन-चार युनिट पडतात. मोटारीत मात्र बहुतेकदा एकच माणूस असतो. सत्तर किलोचा माणूस नेण्यासाठी दीड टनाचा सांगाडा ओढायचा, ही उधळपट्टी पेट्रोलच्या जागी बॅटरी आल्याने थांबत नाही. नळीतून धूर येत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण रस्त्यावर जागा तेवढीच अडते आणि त्या कोंडीत मागची बसही अडकते.

घरकामाला जाणाऱ्या मावशी जाऊन-येऊन चार बस बदलत असतील, तर त्यांचे रोजचे 20 रुपये आता किमान 40 झाले. जुलै 2019 मध्ये बेस्टने भाडं 5 रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी झपाट्याने वाढले होते. म्हणजे माणसं बसकडे कशी वळतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

बेस्ट तोट्यात आहे, हे उत्तर मला मान्य नाही. कोस्टल रोडवर 13 हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि तिथे टोलही नाही. त्या खर्चाला कोणी तोटा म्हणत नाही. बसवर खर्च झाला की लगेच तो शब्द निघतो.

महापालिकेने बेस्टचं किमान भाडं पुन्हा 5 रुपये करावं आणि पडणारी तूट रस्त्यांच्या खर्चासारखीच अर्थसंकल्पात धरावी. पश्चिम द्रुतगती मार्गावर गर्दीच्या वेळी एक मार्गिका फक्त बसला द्यावी. आणि राज्य सरकारने एकट्यादुकट्याच्या मोटारीची टोलमाफी काढून तो पैसा नव्या बसगाड्यांना द्यावा.